सभामंडपातील साक्षरता वर्ग : प्रकल्प नोंदी, जुलै २०२४ ते एप्रिल २०२५

१ जुलै २०२४

कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागातील आमच्या गावात आज प्रौढांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. ‘उल्लास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव भारत साक्षरता कार्यक्रमाखाली (२०२२ ते २०२७) पंधरा वर्षांवरील निरक्षर व्यक्तींची नोंदणी शाळेमार्फत होते आणि शिकवण्याचे काम स्वयंसेवक कोणतेही मानधन न घेता करतात. मुख्याध्यापकांनी सर्वेक्षणाची यादी समोर ठेवून ॲपवर माझे नाव स्वयंसेवक म्हणून नोंदवले आणि अकरा जण माझ्याकडे सोपवले. त्यांत नऊ स्त्रिया आणि दोन पुरुष आहेत. सर्वांत लहान वहिनी पस्तिशीच्या आहेत आणि थोरल्या आक्कांनी सत्तरी ओलांडली आहे.

शाळेतील बाके सात-आठ वर्षांच्या मुलांच्या मापाची असल्याने वर्ग भैरवनाथाच्या देवळाच्या सभामंडपात घ्यायचे ठरले. तेथे फरशी स्वच्छ आहे, दिव्याची सोय आहे आणि देवळात जाताना कोणत्याही बाईला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. हे शेवटचे कारण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. वेळ रात्री साडेआठची ठरली.

अक्षरओळखीला आज हात लावला नाही. प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली : घरातला असा कोणता कागद आहे, जो स्वतःला वाचता यावा असे तुम्हाला वाटते? पुढच्या वेळी तो कागद घेऊन यावा, असे सांगितले. टपाल खात्यातील माझ्या नोकरीत मनीऑर्डरच्या पावत्यांवर साक्षीदारासमोर अंगठे घेण्याचे काम मी कित्येक वर्षे केले. अंगठा देणाऱ्याला त्या कागदावर काय लिहिले आहे हे जाणून घ्यायचे असते आणि ते विचारण्याचा संकोचही वाटतो, हे मी तेव्हापासून पाहत आले आहे.

४ जुलै

कागद आले. दूध घालणाऱ्या काकींनी संकलन केंद्रावरच्या पावत्यांची गड्डी आणली, दोघी-तिघींनी बचत गटाचे पासबुक, एकीने विजेचे बिल, एकीने नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट आणले. वरच्या आळीच्या वहिनींनी माहेरच्या जमिनीचा सातबारा चार घड्या घालून आणला होता. तो त्यांनी माझ्या हाती दिला, पण इतरांसमोर उघडू नका असे खुणेने सांगितले. गवंडीकाम करणारे दादा सिमेंट-वाळूच्या दुकानातील उधारीच्या चिठ्ठ्या घेऊन आले. थोरल्या आक्कांनी अभंगांची छोटी पोथी आणली, जी त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहे.

कार्यक्रमाची प्रवेशिका, म्हणजे अक्षरओळखीचे पुस्तक, माझ्याकडे आहे, ती चांगली आहे आणि तिचा उपयोग मी करणारच आहे. मात्र कोणता भाग केव्हा घ्यायचा, हे या कागदांवरून ठरेल. प्रौढ शिकाऊ व्यक्ती वर्गात येते तेव्हा तिच्याकडे अक्षरे नसतात. व्यवहार, हिशेब, भाषा आणि स्मरणशक्ती मात्र भरपूर असते. गवंडी दादा मोजपट्टीवरचे फूट-इंच अचूक वाचतात आणि शंभर घनफुटांचा ब्रास धरून भिंतीला किती वाळू लागेल हे तोंडी सांगतात. त्यांची ‘निरक्षर’ अशी नोंद करताना या गोष्टींची नोंद कोठेच होत नाही.

१२ जुलै

अक्षरांची सुरुवात ‘अ, आ, इ, ई’ पासून न करता वळणाच्या सारखेपणावर केली आहे. ग, म, भ, न हा पहिला गट. र, स, ख हा दुसरा. व, ब, क हा तिसरा. एका अक्षराचे वळण बसले की शेजारचे अक्षर थोड्या फरकाने येते आणि या दहा अक्षरांत ‘नग’, ‘गरम’, ‘बस’, ‘नमन’, ‘कर’, ‘खबर’, ‘सरस’ असे अर्थ असलेले शब्द लगेच जमतात. निरर्थक जोडणी मी मुद्दाम टाळते, कारण मोठ्या माणसाला अर्थ नसलेला शब्द वाचायला लावणे त्याच्या बुद्धीला कमी लेखण्यासारखे आहे.

पेन धरण्याची अडचण अपेक्षित होती. विळा आणि खुरपे धरून घट्ट झालेल्या बोटांत बॉलपेन एवढे आवळले जाते की कागद फाटतो. यावर उपाय काकींनीच काढला. सभामंडपात कोपऱ्यात देवीच्या रांगोळीचा डबा होता. त्यांनी चिमूट घेतली आणि फळ्यावरचा ‘म’ फरशीवर एका दमात काढला. उभी रेघ सरळ, गाठ गोल, शिरोरेषा शेवटी. ज्या बाईचा ‘म’ वहीत तीन ओळींत पसरत होता, त्याच बाईचा फरशीवरचा ‘म’ फळ्यावरच्या माझ्या अक्षरापेक्षा सुबक होता. चार ठिपके देऊन त्यांच्या आत अक्षर बसवायला सांगितल्यावर बाकीच्या बायकांनीही ते बसवले. हाताला वळण आहे, केवळ साधन अनोळखी आहे, हे सर्वांनाच डोळ्यांनी दिसले. यापुढे प्रत्येक नवे अक्षर आधी रांगोळीत, मग पाटीवर आणि शेवटी वहीत, असा क्रम राहील. दोन्ही पुरुषांनी रांगोळीला नकार दिला. त्यांच्यासाठी पाटीवर खडू आहे.

१९ जुलै

आषाढी एकादशी आणि पावसामुळे उपस्थिती कमी. क्रम तोच चालू.

२ ऑगस्ट

गेल्या काही आठवड्यांत चार जणी अक्षरे विसरतात असे वाटत होते. फळ्यावरचे अक्षर त्या झटकन ओळखत आणि तेच अक्षर पुस्तकात दिसले की गप्प बसत. हा विस्मरणाचा प्रकार नाही, हे त्यांच्या मान मागे नेण्याच्या सवयीवरून लक्षात आले. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. पण जिने आयुष्यात कधी जवळचे बारीक अक्षर वाचलेच नाही, तिला ते कमी झाल्याचे कळणार तरी कसे? सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारणे, तांदळातले खडे हाताने चाचपून काढणे, एवढ्याच रूपात तो दोष घरात वावरत असतो.

आज ग्रामीण रुग्णालयात सर्वांची नेत्रतपासणी करून घेतली. सात जणांना जवळचा चष्मा लागला आणि थोरल्या आक्कांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेसाठी त्यांचे नाव नोंदवले आहे. एकीने तेथेच चष्मा लावून औषधाच्या पाकिटावरचा ‘ग’ दाखवला आणि “एवढं बारीक बी असतंय व्हय?” असे म्हणाली.

साक्षरता वर्ग सुरू करणाऱ्या प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की पाटी-पेन्सिलीच्या आधी डोळे तपासून घ्यावेत. प्रौढांचे वर्ग सोडून जाण्यामागे कंटाळा, घरकाम, संकोच ही कारणे नेहमी सांगितली जातात. साध्या चष्म्याच्या अभावाचा उल्लेख त्यात सहसा नसतो.

१८ ऑगस्ट

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये राखी पौर्णिमेच्या आधी खात्यांत जमा होऊ लागले आणि वर्गात मोबाइल घेऊन येणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. प्रत्येकीला एकच विचारायचे होते : आले का? बँकेचा संदेश इंग्रजीत असतो. मराठी बाराखडी अर्धवट झालेल्या बायकांना आज इंग्रजी शिकवणे शक्य नव्हते. म्हणून तो संदेश मोठ्या कागदावर लिहून घेतला आणि त्यातल्या तीन जागा दाखवल्या : रक्कम कोठे असते, पैसे जमा झाल्याचे सांगणारा शब्द कसा दिसतो, काढल्याचे सांगणारा शब्द कसा दिसतो. जमा आणि वजा यांचे इंग्रजी शब्द त्या चित्रासारखे ओळखायला शिकल्या आणि पहिल्या अक्षरावरून त्यांनी त्यांतला फरक सांगितला.

सर्वांत जास्त वेळ ओटीपीवर दिला. फोनवर आलेला आकडा कोणी मागितला तर तो सांगायचा नाही, मग मागणारा स्वतःला बँकेचा माणूस म्हणो की तालुक्याचा. ही गोष्ट अक्षरांच्या आधी शिकवली पाहिजे, असे माझे मत झाले आहे. ज्या राज्यात कोट्यवधी खातेदारांची भाषा मराठी आहे, तेथे खात्याचा संदेश मराठीत मिळणे हा साक्षरतेच्याच कामाचा भाग आहे. कारण स्वतःच्या भाषेत वाचायला शिकलेल्या बाईला तिच्याच पैशाची बातमी परक्या लिपीत मिळत असेल, तर तिच्या शिकण्याचे फळ दाराशीच अडते.

८ सप्टेंबर

आज आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. युनेस्कोने १९६६ मध्ये हा दिवस जाहीर केला आणि १९६७ पासून तो पाळला जातो. शाळेत कार्यक्रम ठेवण्याची सूचना होती. पण काल गणपती बसले आणि दोन दिवसांवर गौरी आल्या असताना बायकांना बोलावणे योग्य नव्हते. वर्ग गौरी-गणपती विसर्जनापर्यंत बंद.

२७ सप्टेंबर

संख्यांचा भाग सुरू केल्यापासून ज्या अडचणी आल्या त्यांची सविस्तर नोंद करणे आवश्यक वाटते.

पहिली अडचण अंकांच्या दोन लिप्यांची. सातबारा, शाळेचे दाखले आणि पंचांग यांत देवनागरी अंक असतात; मोबाइल, दुधाची पावती, गॅसची पावती आणि मोजपट्टी यांत इंग्रजी अंक असतात. देवनागरीतील एक हा इंग्रजीतील नऊसारखा दिसतो आणि देवनागरीतील चार इंग्रजी आठची आठवण करून देतो. दोन्ही एकदम शिकवल्यास गोंधळ होतो. वर्गातील बहुतेकांना फोनवरचे आकडे अर्धेमुर्धे येतच होते, म्हणून इंग्रजी अंक पक्के करून घेतले आणि देवनागरी अंक महिनाभराने घेण्याचे ठरवले.

दुसरी अडचण आपल्या संख्यानामांची आहे आणि ती अधिक खोल आहे. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी ऐकू येतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी आणि एक मागून. म्हणून एकवीस सांगितले की पाटीवर बारा उमटतात. ‘एकोणसत्तर’ ऐकले की कान सत्तर पकडतो आणि सात लिहून मोकळा होतो. मग पाटीवर एकोणऐंशीचा आकडा येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ नऊ’ अशी वाचनपद्धत जोडून देण्यात आली, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि मराठी संख्यानामे बुडणार असे म्हटले गेले. मोठ्यांना शिकवताना त्या पद्धतीचा उपयोग मी रोज पाहते आहे. शिकणाऱ्या बायका ‘एकोणसत्तर’ विसरणार नाहीत. ते त्यांच्या तोंडी जन्मभर आहे. त्यांना फक्त लिहिताना क्षणभर ‘साठ नऊ’ म्हणण्याची मुभा हवी असते.

मी दहा-दहाच्या आणि एक-एकच्या नोटा-नाण्यांनी शिकवते. एकोणसत्तर रुपये मोजून ठेवा म्हटले की दहाच्या सहा नोटा आणि नऊ नाणी बिनचूक येतात. मग नोटांचा आकडा डावीकडे, नाण्यांचा उजवीकडे. पैशांच्या बाबतीत या वर्गात कोणीही चुकत नाही. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन यांचे तोंडी हिशेब तर त्या माझ्याआधी करतात. पायलीचे चार शेर आणि त्यांचे भाग करत धान्य मोजणाऱ्या घरांतून त्या आल्या आहेत.

१५ ऑक्टोबर

सोयाबीनची काढणी आणि घेवड्याची मळणी यांमुळे वर्गात चार-पाच जणच येतात. मजुरीचे दिवस आहेत आणि ते सोडून या असे सांगणे कोणाच्याही तोंडी शोभणारे नाही. जे येतात त्यांचे काना, मात्रा आणि वेलांटी चालू आहे. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहायची आणि उच्चार मात्र अक्षरानंतर करायचा, याला वेळ लागतो. ‘दिवस’, ‘विळा’, ‘किराणा’ हे शब्द रोज एकदा घेते.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर वर्ग पुन्हा भरला आणि आज काकींच्या दुधाच्या पावतीवर पूर्ण तास गेला. त्यांच्या गाईचे दूध सकाळ-संध्याकाळ केंद्रावर जाते. पावतीवर लिटर, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातील इतर घन पदार्थ), दर आणि रक्कम असे रकाने असतात. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि त्याखाली गेल्यास कापला जातो, हे काकींना ऐकून माहीत होते; आपल्या पावतीत ते कोठे लिहिले आहे, हे माहीत नव्हते.

पहिल्याच पावतीवर दशांश चिन्ह आडवे आले. “बाई, ह्यो ठिपका दिसला न्हाई तर पस्तीस वाचायचं व्हय?” असे त्यांनी विचारले. मग साडेतीन हा शब्द घेतला. तीन आणि अर्धा; अर्ध्यासाठी दहातले पाच. मापाने दूध मोजणाऱ्या बाईला साडेतीन समजावून सांगावे लागत नाही. ठिपक्यानंतरचा पाच म्हणजे तोच अर्धा, एवढेच जोडून द्यावे लागते. ३.२ म्हणजे साडेतीनपेक्षा कमी, हे त्यांनी आपणहून सांगितले आणि त्या दिवशी दर का पडला तेही.

त्यानंतर जे झाले ते मी आखलेले नव्हते. या पावत्यांची छपाई उष्णतेने अक्षरे उमटणाऱ्या कागदावर असते आणि काही आठवड्यांत ती पुसट होते. काकींनी जुनी गड्डी सोडली तेव्हा खालच्या पावत्या कोऱ्या पडल्या होत्या. आता त्या रोजची पावती वहीत उतरवून ठेवतात : तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, दर, रक्कम. शुद्धलेखनाचा जो सराव मी सांगून त्यांनी केला नसता, तो त्या दिवसातून दोनदा करतात. दहा दिवसांचे बिल आले तेव्हा त्यांनी वही शेजारी ठेवून ओळीने तपासले आणि परत केलेल्या पेंडीच्या एका पोत्याची कपात तशीच राहिल्याचे दाखवले. केंद्रावरील माणसाने रजिस्टर पाहून ती पुढच्या बिलात दुरुस्त केली. गोठ्यातल्या गाईच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांकही त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला आहे.

वाचनापेक्षा लेखन अवघड असते आणि प्रौढांच्या वर्गात ते मागे पडते, असा सर्वांचा अनुभव आहे. काकींची वही पाहिल्यावर मला वाटते की लिहिण्याची खरी गरज घरात निर्माण झाली तर लेखन वाचनाच्याही पुढे जाऊ शकते.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचे मतदान झाले. मतदान केंद्रावरील नोंदवहीत सही किंवा अंगठा द्यावा लागतो. वर्गातील सहा जणींनी सही केली. केंद्रावरील अधिकाऱ्याने शाईचे पॅड सवयीने पुढे सरकवले आणि त्यांनी पेन मागितले, असे दोघींनी सांगितले. मतदान यंत्रावरील नावे मराठीत असतात. यादीतली सगळी नावे वाचून मग बटण दाबले, असे गवंडी दादा म्हणाले. कोणते बटण दाबले हे अर्थात कोणी विचारले नाही.

सहीबद्दल माझी भूमिका येथे स्पष्ट नोंदवते. सही हे चित्र म्हणूनही काढता येते आणि तेवढ्यावर माणसाला साक्षर म्हणण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. जनगणनेची व्याख्या याहून कडक आहे : सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर. या व्याख्येने २०११ मध्ये महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण ८२.३ टक्के होते आणि स्त्रियांचे सुमारे ७६ टक्के. म्हणून वर्गात सही येऊ लागली की तिच्यातली अक्षरे सुटी करून त्यांचे दुसरे शब्द बनवायला मी सांगते. तसे करता आले तरच ती सही लिहिलेली आहे.

१२ डिसेंबर

वरच्या आळीच्या वहिनींनी आज वर्ग संपल्यावर सातबारा उघडला. आता त्यांना जोडाक्षरे सोडून बहुतेक वाचता येते. त्यांनी बोट ठेवून गावाचे नाव वाचले, गट क्रमांक वाचला, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये वाचले. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, रकान्यात वडिलांच्या पश्चात दोन्ही भावांची नावे होती. आपले नाव त्या बराच वेळ शोधत राहिल्या आणि शेवटी उजवीकडच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात त्यांना ते सापडले, बहिणीच्या नावाच्या खाली.

नाव सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर आला नाही. त्यांनी विचारले, “भावांची नावं तिकडं आन् माझं हिकडं का?” वारसनोंद करताना मुलांची नावे कब्जेदार म्हणून आणि मुलींची इतर अधिकारात घालण्याची पद्धत अनेक गावांत दिसते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने दिला आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यापुढचे सांगणे माझ्या कामाच्या कक्षेत नाही. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाची, नोंद तलाठी कार्यालयात मागता येते आणि तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो, एवढी माहिती दिली. भावांशी त्यांचे संबंध चांगले आहेत आणि ते तसेच राहावेत ही त्यांची इच्छा आहे. त्या काय ठरवतील ते त्यांचे त्या ठरवतील.

प्रौढ साक्षरतेचे वर्णन करताना आपण पत्र वाचले, बसची पाटी वाचली अशी आनंदाची उदाहरणे देतो. वाचता येऊ लागलेल्या बाईसमोर काही कागद असेही येतात, जे वाचल्यावर तिच्यापुढे मोठे प्रश्न उभे राहतात. ते पेलण्यासाठी तिच्या शेजारी कोणीतरी असले पाहिजे आणि हे काम प्रवेशिकेच्या शेवटच्या पानावर संपत नाही.

३ जानेवारी २०२५

सावित्रीबाई फुले यांची जयंती. त्यांचे जन्मगाव नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे आणि जोतीरावांचे मूळ गाव कटगुण शेजारच्या खटाव तालुक्यात. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती, हे वर्गात सांगितले. दिवसभर राबून रात्री शिकणारी माणसे तेव्हाही होती, हे ऐकून गवंडी दादांनी तेथे काय शिकवत असतील, असे विचारले.

थोरल्या आक्कांनी त्यावर वेगळीच आठवण काढली. महाराष्ट्रातील ग्राम शिक्षण मोहीम १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातच सुरू झाली. आक्का तेव्हा लहान होत्या. कंदील घेऊन मोठी माणसे देवळात शिकायला बसत आणि त्यांना भाकरी पोहोचवायला त्या जात, असे त्या म्हणाल्या. त्यांचे वडील त्या वर्गात वाचायला शिकले होते. पुढे वाचायला घरात काहीच नव्हते आणि म्हातारपणी त्यांनी पुन्हा अंगठाच दिला. आक्का हे अगदी सहज बोलून गेल्या, पण मोहिमांच्या इतिहासात मला याहून महत्त्वाचे काही सापडलेले नाही.

७ फेब्रुवारी

तिघींनी बँकेत अंगठ्याऐवजी सहीची नोंद करण्यासाठी अर्ज दिला. अंगठ्याच्या खात्यावर पैसे काढायला प्रत्येक वेळी स्वतः जावे लागते आणि एटीएम कार्ड सहसा दिले जात नाही. काउंटरवर त्यांना आधी “कशाला बदलता, आहे ते बरे आहे” असे सांगण्यात आले. त्यांनी अर्ज स्वतः वाचून दाखवला. अर्ज स्वीकारला गेला.

आक्कांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट झाली असून त्या वर्गात परत आल्या आहेत. त्यांची पोथी आता कामाला आली आहे. पाठ असलेला मजकूर माणूस वाचत नाही, म्हणतो. म्हणून मी ओळीच्या मधल्या एखाद्या शब्दावर कागदाची खिडकी ठेवते आणि तेवढाच वाचायला सांगते. सुरुवातीला त्या मनात पहिल्यापासून ओळ म्हणत त्या शब्दापर्यंत येत. आता जोडाक्षर नसेल तर थेट वाचतात. पाठांतराचा एवढा साठा असलेल्या पिढीला वाचन शिकवण्याची ही पद्धत मला फार फलदायी वाटते, कारण शब्द चुकला तर तो चुकल्याचे त्यांना दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

२३ मार्च

आज राज्यभर पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण, वेळ तीन तास आणि प्रत्येक भागात ३३ टक्के आवश्यक. सकाळी दहा ते पाच या वेळेत परीक्षार्थी आपल्या सोयीने येऊ शकतो, ही तरतूद शहाणपणाची आहे. काकी सकाळचे दूध घालून आल्या आणि दोघी दुपारी खुरपणीवरून.

दहा जण चाचणीला बसले. अकरावे शिकाऊ ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेर आहेत. ज्या तालुक्यांतून मोठ्या संख्येने मजूर दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात, तेथे मार्चमधील चाचणी कितीजणांच्या हाती लागत असेल, याचा विचार व्हायला हवा. निरक्षरता सर्वांत जास्त जेथे आहे, त्याच घरांना ही तारीख गैरसोयीची आहे. पावसाळ्यात आणखी एक चाचणी ठेवावी, असे मी शाळेमार्फत लेखी कळवले आहे.

चाचणीत तीन तास एका जागी बसून लिहिणे आक्कांना जड गेले, पण त्यांनी उत्तरपत्रिका शेवटच्या पानापर्यंत नेली. बाहेर आल्यावर त्यांना गुणांची चिंता नव्हती. उताऱ्यातला एक शब्द त्यांना लागला नव्हता आणि तो त्या मला विचारत होत्या.

९ एप्रिल

निकाल यायचा आहे. उत्तीर्ण होणाऱ्यांना प्रमाणपत्र मिळेल आणि ज्यांना मिळणार नाही त्यांच्या निकालावर ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा असेल. ‘नापास’ हा शब्द या कार्यक्रमात वापरत नाहीत, हे मला मनापासून आवडते. निकाल काहीही लागला तरी वर्ग बंद करायचा नाही, असे सर्वांचे मत पडले. आक्कांच्या वडिलांची हकिकत सर्वांच्या लक्षात आहे.

पुढच्या टप्प्यासाठी वाचायला मजकूर हवा आणि तो मोठ्या अक्षरांत, लहान वाक्यांत आणि मोठ्या माणसांच्या विषयांवर हवा. लहान मुलांच्या गोष्टींची पुस्तके शाळेत भरपूर आहेत, पण ससा आणि कासवात या बायकांचे मन फार काळ रमणार नाही. म्हणून सभामंडपाच्या भिंतीवर एक फळा लावला आहे. त्यावर आठवड्याचा दुधाचा दर, कोरेगावच्या बाजारातील घेवड्याचा आणि आल्याचा भाव, लसीकरणाची तारीख आणि गावातील एक बातमी लिहिली जाते. पहिले दोन आठवडे तो मी लिहिला. आता काकी आणि गवंडी दादा आळीपाळीने लिहितात. अक्षर चुकले तर वाचणारा माणूस खडूने दुरुस्त करतो आणि त्यावर बरीच चर्चा होते.

१ मे रोजी ग्रामसभा आहे. विषयपत्रिका चार दिवस आधी मोठ्या अक्षरांत छापून द्यावी, अशी विनंती ग्रामसेवकांना केली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. वर्गात ती दोन रात्री वाचून घ्यायची, ज्या विषयावर बोलायचे असेल त्यावर खूण करायची आणि सभेच्या इतिवृत्तावर सही करण्यापूर्वी त्यात काय लिहिले आहे ते वाचायचे, असे ठरले आहे. वरच्या आळीच्या वहिनी त्या आठवड्यात फेरफाराची नक्कल आणायला माहेरी जाणार आहेत. तलाठी कार्यालयाचा अर्ज त्यांनी स्वतः भरला असून तो तपासून देण्याचे काम माझ्याकडे आहे. उन्हाळ्यामुळे सोमवारपासून वर्गाची वेळ रात्री नऊची राहील.